दिग्रसजवळच्या तांड्यात, दुर्बीण घेऊन

यवतमाळला जाऊन आले असं सांगितलं की नाशिकात एकच प्रश्न येतो, तिकडे काय आहे बघायला? मी आता उत्तर तयार ठेवलंय. म्हणते, तिकडे एका बाईचं बोट आहे, ते बघायला गेले होते. समोरचा माणूस गोंधळतो, चहा मागवतो, आणि मग मला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला मिळते. तुम्ही चहा मागवलेला नाही, तरी सांगते.

मी सत्तावीस वर्षं द्राक्षांच्या पॅकहाउसात प्रयोगशाळा सांभाळली. काम एकच, द्राक्षातली साखर मोजायची. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, वरून झाकण लावायचं आणि उजेडाकडे तोंड करून नळीला डोळा लावायचा. आत गोल दिसतो, वर निळा, खाली पांढरा. दोन्ही जिथे भेटतात त्या रेघेवरचा आकडा म्हणजे साखर. या नळीला कागदोपत्री रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, पण आमच्याकडे सगळ्यांसाठी ती दुर्बीण. अलीकडे तिचा डिजिटल भाऊ आलाय. त्याच्या खळग्यात थेंब टाका, बटण दाबा, तीन सेकंदांत आकडा. मी दुर्बिणीची माणूस. डिजिटलवाल्यांना मी आळशी म्हणते, आणि तोंडावर म्हणते.

कविता राठोड माझ्या हाताखाली दोन वर्षं होती. हुशार पोरगी. मग ती दिग्रसजवळच्या आपल्या तांड्यावर परत गेली आणि तिथल्या बायकांचा बचत गट उभा केला. अंबाडीची लाल बोंडं उकळून त्यांचा सरबताचा पाक करतात, बाटल्या भरतात, यवतमाळला पाठवतात. डिसेंबरात तिचा फोन आला. मॅडम, गटाला दुसरं यंत्र घ्यायचंय, डिजिटल घेऊ की दुर्बीण? मी म्हटलं, हे विचारायला फोन कशाला, तुला माझं उत्तर पाठ आहे. त्यावर ती रडायलाच लागली.

घोडं कुठं पेंड खातंय ते मग कळलं. गेल्या महिन्यात दुकानांत गेलेल्या बाटल्यांची बुचं उडाली होती. पाकात साखर पासष्ट टक्क्यांच्या वर असली की तो टिकतो, खाली राहिली की आंबतो, एवढं साधं गणित. पण कविताकडे डिजिटल होतं आणि त्यानं प्रत्येक कढई सदुसष्ट दाखवली होती. मग चूक कुणाची? कढईवर कविताची आई बसायची, सकरूबाई. ती पहिल्यापासून बोटांत पाक धरून सांगत होती, कच्चा आहे, तार येत नाही. मशीनपुढे तिचं कोण ऐकतंय. बुचं उडाल्यावर बायका म्हणाल्या, हिच्याच तोंडानं नाट लागला. मग एकीनं पुढची पायरी गाठली. मशीन खोटं पडावं म्हणून हिनं बाटल्या भरताना मुद्दाम पाणी घातलं, असं ती म्हणाली आणि बाकीच्यांनी ते धरलं. सकरूबाईला कढईवरून उठवलं, आणि ते सांगायची पाळी गटाची सचिव म्हणून कवितावर आली.

आता घेणाऱ्यानं एक शेवटची संधी दिली होती. सोमवारी नमुना आणायचा. जमला तर हंगामभराचा माल घेईन, नाही तर रामराम.

"मॅडम, माल गेला तं गेला," कविता म्हणाली. "पण याडीचं नाव खराब झालं. मले तिच्याकडं पाहवत नाही."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी त्याच दिवशी गाडीचं तिकीट काढलं.

शुक्रवार. बाभुळगाव, लोहारा आणि एक डुलकी

धामणगावला उतरून यवतमाळची एसटी धरली. सकाळची थंडी चांगलीच बोचत होती. दोन्ही बाजूंना कापूस, शेवटची वेचणी चालू असलेला, आणि मधे तुरीचे उंच पट्टे शेंगांनी वाकलेले. आमच्याकडे रान म्हणजे मांडव आणि तारा, नजर दहा फुटांवर अडते. इथे ती सुटते आणि पार टेकड्यांना जाऊन टेकते. मला उगाचच मोकळं मोकळं वाटायला लागलं.

बाभुळगावला गाडी थांबली तेव्हा उतरून आलूबोंडा मागितला. आमच्याकडे वडा पावात कोंबून हातात देतात. इथे तो बशीत ठेवून कुस्करला आणि वर लाल रस्सा ओतला. मी म्हटलं, दादा, रस्सा बाजूला द्या. हॉटेलवाल्यानं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी मुकाट्यानं खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं, आणि दुसरी बशी मागितली. त्यानं ती आणताना विचारलं, "कुठून आले म्हणा?" नाशिक म्हटल्यावर तो समजुतीनं मान हलवून गेला.

यवतमाळात उतरल्यावर आधी लोहाऱ्याला गेले. तिथल्या एमआयडीसीत गटाचा माल घेणारे गावंडे यांचा छोटा कारखाना आहे. मला बूच उडालेली एखादी बाटली बघायची होती. माणूस सरळ निघाला. म्हणाले, मले कोणाशी भांडण नाही, मले टिकणारा पाक पाहिजे. त्यांनी बाटली दिली, मी माझी दुर्बीण काढली. द्राक्षांची दुर्बीण बत्तीसपर्यंतच दाखवते, पाकासाठी पंचेचाळीसपासून पुढची वेगळी लागते, ती मी मुद्दाम आणली होती. थेंब टाकला, खिडकीकडे वळले. छप्पन.

सदुसष्टचे छप्पन? आंबताना थोडी साखर जाते, कबूल, पण इतकी नाही. म्हणजे एक तर मशीन बिघडलेलं, नाही तर बाटलीत खरंच पाणी पडलेलं. तिसरं काही असू शकतं हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

दिग्रसला जायला पुसदची गाडी मिळाली. दारव्ह्यापर्यंत मी जागी होते, एवढं आठवतं. त्यानंतर डोळे उघडले तेव्हा दिग्रस मागे पडलं होतं. कंडक्टर म्हणाला, आवाज तं दिला होता बाई, तुमी घोरून राह्यल्या होत्या. मी घोरत नाही, हे त्याला ठासून सांगितलं आणि उतरले. रस्त्यावर उभी राहून हात केला तर कापूस भरलेल्या टेम्पोनं घेतलं. ड्रायव्हर जिनिंगला चालला होता. त्यानं कविताच्या तांड्याच्या फाट्यावर सोडलं तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाले होते. कविता धावत आली, आणि ज्या बाईला ती इतकी घाबरायची तिचा तो अवतार बघून फोनवरचं रडणं विसरून हसत सुटली. चला, प्रवासाचे पैसे इथेच वसूल झाले.

घरी सकरूबाईनं पाय धुवायला गरम पाणी दिलं. साठी ओलांडलेली, सडसडीत, हातात कोपरापर्यंत जुन्या बांगड्या. जेवायला ज्वारीची भाकरी आणि सोल्याची भाजी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची. आमच्याकडे तूर कायम वाळून डाळ होऊनच भेटते. तिचं हे हिरवं रूप एवढं चवदार असतं हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तिसरी भाकरी घेताना मी सरळ विषयाला हात घातला. मला आडवळणं जमत नाहीत. विचारलं, सकरूबाई, तुम्ही बाटल्यांत पाणी घातलं का?

कविताचा घास हातातच राहिला. सकरूबाईनं माझ्या ताटात भाजी वाढली.

"तुमी इतक्या दुरून हेच इचाराले आल्या काय?" ती म्हणाली. "जेवा आधी."

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. तिला राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. मला माझीच लाज वाटली, पण प्रश्न परत घेतला असं मी म्हणाले नाही.

शनिवार. मशीनची परीक्षा

गटाची शेड तांड्याच्या कडेला आहे. पत्र्याचं छप्पर, दोन चुली, एका भिंतीला बाटल्या. दहा बायका जमल्या होत्या. कढईवर आता कमलबाई होती, तीच, जिनं पाण्याचा आरोप पहिल्यांदा केला. धिप्पाड, कामाला वाघ, तोंडाला त्याहून. ती मला म्हणाली, पाह्यून घ्या बाई मशीन, आमचं मशीन एक नंबर आहे.

मी आधी मशीन स्वच्छ केलं. माझ्या पिशवीत स्पिरिटची बाटली आणि कापूस कायम असतो. खळगा पुसला, कापसावर पिवळट डाग आला, तो फेकून दिला. लाल पाकाचा डाग पिवळा कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मग साधं पाणी टाकलं. पाण्यात साखर नाही, आकडा शून्य यायला हवा. शून्य आला. मग वजनकाट्यावर सहासष्ट भाग साखर आणि चौतीस भाग पाणी घेतलं, गरम करून विरघळवलं, गार केलं, एक थेंब टाकला. मशीननं सहासष्ट दाखवलं. माझ्या दुर्बिणीनंही सहासष्ट दाखवलं.

मला दुर्बीण जिंकायला हवी होती, हे उघड आहे. पण खोटं कसं बोलणार? मी सगळ्यांसमोर सांगितलं, मशीन बरोबर आहे.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग दाराकडे. सकरूबाई दाराशी बोंडं सोलत बसली होती. मशीन बरोबर म्हणजे पाणी पडलं, आणि पाणी पडलं म्हणजे कुणी घातलं हे तर ठरलेलंच. तिनं मान वर केली नाही. बोंडातली बी काढून लाल पाकळ्या सुपात टाकत राहिली. कविता बाहेर निघून गेली. मी इतक्या लांब येऊन, रस्सा खाऊन, कापूस होऊन, नेमकं तेच करून बसले होते जे व्हायला नको होतं. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

दुपारी कढयांची वही चाळत बसले. पहिली कढई सदुसष्ट पूर्णांक दोन. दुसरी सदुसष्ट पूर्णांक एक. तिसरी सदुसष्ट पूर्णांक दोन. पानंच्या पानं तशीच. आता हे मला खटकलं. चुलीवरचा पाक कधी चौसष्ट, कधी सत्तर, कधी करपून पंचाहत्तरवर जातो. सत्तावीस वर्षांत एका बागेची दोन द्राक्षं सारखी आली नाहीत, आणि इथे वीस कढया जुळ्या बहिणींसारख्या. कविताला विचारलं. ती म्हणाली, मॅडम, पहिल्याच वेळी तपासलं की बरोबर यायचं, मग लगेच उतरवायचो, दुसऱ्यांदा तपासायची गरजच पडली नाही. आणि मशीन येण्याआधी? आधी याडी बोटानं पाहायची. मागच्या वर्षी एकाही बाटलीचं बूच उडालं नाही.

मी वही मिटली. उद्या कढई लागेल तेव्हा मी काहीही न बोलता नुसती बघणार, असं ठरवलं. न बोलणं हा माझा प्रांत नाही, तरीही.

रविवार. कढई

सकाळी हात बाहेर काढवत नव्हते अशी थंडी. चुली पेटल्या तेव्हा बरं वाटलं. रस गाळून साखर पडली आणि शेडभर आंबट गोड वास भरला. कढईत जास्वंदीसारखा लाल रस खदखदत होता. कमलबाई उलथणं फिरवत होती. रस जरा दाटला तसं कुणीतरी म्हणालं, बोलवा.

सकरूबाई आली. कढई तिच्याकडून काढून घेतली होती, पण देवाचा भोग तिच्याकडेच राहिला होता. भोग दिल्याशिवाय पाक चुलीवरून उतरवायची तिथे कुणाची छाती नाही, आणि तो द्यायचा तो शेडमधल्या सगळ्यात मोठ्या बाईनं. तिनं पळीभर पाक घेतला, वाटीतलं घरचं तूप त्यावर सोडलं, देवाचं नाव घेत पळी निखाऱ्यावर कलती केली. जाळ वर उठला. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. आमच्या पॅकहाउसात हंगामाच्या पहिल्या पेटीपुढे नारळ फुटतो, तेव्हा मला यात वेगळं काही वाटलं नाही. सकरूबाईनं पळी कढईच्या काठाला ठेवली आणि दाराकडे गेली.

कवितानं तीच पळी उचलली, कढईत बुडवली, थेंबभर पाक स्टीलच्या ताटलीत गार करायला टाकला. गार झाल्यावर तो मशीनच्या खळग्यात. बटण.

सदुसष्ट पूर्णांक दोन.

"उतरवा," कमलबाई म्हणाली.

दाराशी सकरूबाईनं जाता जाता उलथण्यावरून घेतलेला पाक अंगठा आणि बोटात धरला होता. ती कुणाला उद्देशून बोलली नाही. "कच्चा हाय," एवढंच म्हणाली.

मी ताटलीतला उरलेला पाक माझ्या दुर्बिणीच्या काचेवर घेतला आणि दारातल्या उन्हाकडे तोंड केलं. आत जे दिसलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक रेघ असायच्या जागी दोन. एक सदुसष्टपाशी, दुसरी पुसट, अठ्ठावन्नच्या आसपास, आणि मधे सगळं फासल्यासारखं. मला वाटलं मोतीबिंदू आला. दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, तेच.

मी काच पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली, आणि बोट फिरवलं. बोट घसरलं.

मग मशीन घेतलं. तेही पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, अगदी रीतीप्रमाणे, आणि त्यात पिण्याचं पाणी टाकून बटण दाबलं. शून्य यायला हवं होतं. आलं सहासष्ट पूर्णांक नऊ. मी मशीन कविताच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, बघ, तुझ्या गावचं पाणी किती गोड आहे. नखानं खळग्याचा तळ खरवडला. नखाखाली मेणासारखा पिवळट थर आला. वास घेतला. तूप.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. भोगाच्या पळीला तूप लागलेलं. तीच पळी कढईत, तोच पाक ताटलीत. तूप वर तरंगतं, म्हणून पळी कलती केली की पहिल्यांदा तेच पडतं. थंडीत ते गोठतं आणि खळग्याच्या काचेला चिकटतं. ही यंत्रं साखर चाखत नाहीत हो, उजेड किती वाकतो ते बघतात, आणि योगायोग असा की तूप उजेडाला जवळजवळ तेवढंच वाकवतं जेवढं सदुसष्टचा पाक वाकवतो. मशीन रोज इमानेइतबारे तूप मोजत होतं. कढई कच्ची असो की पक्की, आकडा तोच.

आणि थंड पाण्यानं धू, फडक्यानं पूस, साबण लावू नकोस, हे कविताला कुणी शिकवलं होतं? मी. द्राक्षाच्या रसाला ते पुरतं. द्राक्षावर कुणी तूप घालत नाही.

मी हे सगळं त्या बायकांना सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. स्पिरिटनं दोन्ही यंत्रं पुसली, कोरा चमचा मागितला, कढईतून पाक घेतला, गार केला. मशीन म्हणालं अठ्ठावन्न. दुर्बीण म्हणाली अठ्ठावन्न, एकच रेघ, सुरीनं कापल्यासारखी.

कुणी सकरूबाईकडे पाहायला धजेना. ती दाराशी उभी होती, बोटांना अजून पाक लागलेला. मला वाटलं आता ती काहीतरी जोरात बोलेल, आणि बोलली असती तर मी तिच्या बाजूनं आणखी जोरात बोलले असते. पण ती विचारात पडली होती.

"म्हंजे तूप माह्यंच नडलं," ती म्हणाली.

पहिल्यांदा कमलबाई हसली, मग सगळ्या, आणि हसता हसता कमलबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती कढईवरून उठली. उलथणं सकरूबाईच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाण्याची गोष्ट मी बोलली होती. थे मी वापस घेतो, माय."

सकरूबाई बसली. जाळ थोडा मागे ओढला, उलथणं फिरवायला लागली. कविता तिच्याजवळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "याडी, माह्यं चुकलं."

"मशीन बी चुकली," सकरूबाई म्हणाली. "तिले कोणी कढईवरून उठवलं नाही."

लागायचं तिथे ते लागलं. कविता ढसाढसा रडली. आई उलथणं फिरवत राहिली आणि दुसरा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला, पाकाचा, चिकट. मीही नाक पुसलं. धुरानं, असं म्हणाले.

त्यानंतर तिनं वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून दोनदा पाक तपासला आणि दोनदा मान हलवली. तिसऱ्या वेळी अंगठा आणि बोट लांब केलं, मधे लाल धागा उभा राहिला आणि तुटला नाही. "आता," ती म्हणाली. कोऱ्या चमच्यानं थेंब घेतला. कवितानं आकडा मोठ्यानं वाचला. सहासष्ट पूर्णांक तीन. मी दुर्बिणीत पाहिलं आणि सहासष्ट म्हणाले. शेडमध्ये एवढा कल्ला झाला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

दुपारी दोन प्रश्न उरले होते. पहिला भोगाचा. मी माझ्या पद्धतीनं सुचवलं, आधी पाक तपासा, भोग नंतर द्या. पाहुणीला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं. सकरूबाईनंच वाट काढली. देवाची पळी येगळी टांगा, मशीनचा चमचा येगळा टांगा, दोघायची सोयरीक नको. झालं, भिंतीवर दोन खिळे ठोकले गेले.

दुसरा प्रश्न मूळचा, दुसरं यंत्र कोणतं. आता ऐका, कारण यासाठी मी माझी सत्तावीस वर्षांची बढाई थोडी आवरली. डिजिटल वाईट नाही. अंधाऱ्या शेडमध्ये, धुरानं डोळे चुरचुरत असताना आणि पाक इतका गडद असताना ते चटकन आकडा देतं, डोळ्यांवर भार नाही. पण ते आकडा सोडून काही बोलत नाही. तूप असलं तरी त्याच तोऱ्यात आकडा. दुर्बिणीला उजेड लागतो, वेळ लागतो, पण काचेवर काही भलतंच असलं तर रेघ फासते आणि बघणाऱ्याला शंका येते. गटाकडे डिजिटल आहेच, तेव्हा दुसरी दुर्बीण घ्या, पाकाच्या आकड्यांची, द्राक्षांची नको. आणि दोन्ही गरम साबणाच्या पाण्यानं धुवा. कमलबाईनं विचारलं, तुमचीच द्या ना इथं ठेवून. मी म्हटलं, नवी मागवा, माझी मी कुणाला देत नाही.

सकरूबाईला मात्र ती हातात दिली. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे थोडे थोडे. तिनं डोळा लावला, दाराकडे वळली, आणि खूप वेळ बघत राहिली. म्हणाली, वरतून आभाळ आहे, खालून कापूस चढून राह्यला. कापूस किती चढला की पाक झाला, हे तिनं एकदाच नीट पाहून घेतलं. संध्याकाळच्या कढईला तिनं आधी बोट, मग दुर्बीण वापरली, आणि दोन्हींचं जमलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काय सांगू.

सोमवार. पुन्हा लोहारा

नमुना घेऊन आम्ही तिघी निघालो. सकरूबाई नवं लुगडं नेसून एसटीत खिडकीशी बसली होती. बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. दारव्ह्याला मी शेंगा घेतल्या, तिनं त्या सोलून मलाच दिल्या.

गावंड्यांकडे टेबलावर ठेवायचं मोठं यंत्र आहे. त्यांनी थेंब टाकला. सहासष्ट पूर्णांक दोन. त्यांनी परत टाकला, परत तेच. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, हे बरोबर आहे, पण मागच्या खेपेले काय झालतं?

"तूप झालतं," सकरूबाई म्हणाली.

त्यांना काही कळेना. कवितानं सगळं सांगितलं, भोग, पळी, ताटली. गावंडे इतके हसले की त्यांच्या दोन कामगारांनी येऊन पाहिलं. हसून झाल्यावर त्यांनी हंगामभराचा पाक घ्यायचं कबूल केलं आणि सकरूबाईला खुर्ची दिली. त्या खुर्चीत ती पाठ ताठ करून बसली आणि तिनं चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. आम्हाला घाई होती, तिला नव्हती.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. या खेपेला जागी राहिले.

महिन्याभरानं नाशिकला खोकं आलं, आत दोन बाटल्या. मी आधी मोजलं. सहासष्ट. मग सरबत करून प्यायले, शेजारणीलाही दिलं. ग्लास खाली ठेवून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. अंबाडीचा पाक, गटाचं नाव, तांड्याचं नाव, भरल्याची तारीख, आणि सगळ्यात शेवटची ओळ, पाक तपासणारी: सकरूबाई राठोड. दुसऱ्या बाटलीवरही तेच होतं. कवितानं फोनवर सांगितलं की आता प्रत्येक बाटलीवर असतं, आणि ती ओळ कमलबाईनं सुचवली. मी सत्तावीस वर्षांत कितीतरी पेट्या तपासल्या, एकीवरही माझं नाव कधी लागलं नाही. मला तिचा चांगलाच हेवा वाटला.